ह्यो वाटा कुणाचा

सोमवार, १२ फेब्रुवारी १९६८

पोचलो एकदाचं बेटावर! कालिंदीबाई म्हणाल्या, मीरासाब, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं, रोज एक पान लिहीत जा, आपोआप सुधारेल. वहीपण त्यांनीच दिली. चौथीनंतर पेन्सिल हातात धरली ती फक्त कान खाजवायला, तवा चुकलं तर चुकलं.

मंडळी चार आणि मी पाचवा. इनामदार वकील पुढारी, दुनळी बंदूक त्यांचीच. कालिंदीबाई कोल्हापुरात मास्तरीण, जात्यावरच्या ओव्या गोळा करत्यात. नृसिंह त्यांच्या शाळेतला क्लार्क, पाखरांचा येडा. आणि वकिलांचा जीपवाला बंडू. तो माझ्याच गल्लीतला, शिरोळचा. त्यानंच मला स्वैपाकी म्हणून चिकटवलं. मी गुऱ्हाळावर टिकलो न्हाई, ट्रकवर क्लीनर म्हणून टिकलो न्हाई, एका जागी बसलं की माझ्या पायाला मुंग्या येत्यात. निघताना बंडूची आई, माई, म्हणाली, मीरा, माझ्या बंडूला पाण्याचं लई भ्या, त्याला सुखरूप आण बाबा. तिच्या हातचं खाऊन वाढलोय. शब्द दिलाय.

धरण भरलं तवा आजूबाजूची गावं उठली. गेळवाडीचा डोंगर तेवढा पाण्याच्या वर राहिला, आणि डोंगरावरची घरं उठलीच न्हाईत. होडीवाला आम्हाला उतरवून गेला, रविवारी न्यायला येतो म्हणाला. बंडू सगळा वेळ डोळं मिटून माझा दंड धरून बसलेला.

आमच्याकडं नजर जाईल तिकडं ऊस. इथं झाडावर झाड, वेलीवर वेल, ऊन खाली पडायला जागा न्हाई. जांभळीवर शेकरू बघितलं, तांबडं, मांजराएवढं, शेपूट वेगळी हातभर. नृसिंह आनंदानं असा बोंबलला की पाखरं उडाली सगळी. वकील म्हणाले, झालं, आता मोज झाडाची पानं.

गावची कारभारीण बायडाबाई. ‘या पावणं’ म्हणाली आणि पहिलं हेच विचारलं की तोंडं किती? बंडू म्हणाला, तोंडं पाच, पोटं धा. ती हसली न्हाई. चुलीला जागा चांगली हाय. झोप येतीय.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सकाळी शिकार. बायडाबाईची माणसं डबे वाजवत खालनं हाका देत, म्हणजे जनावर वर हुसकत आली, वकील वर खिंडीत दबा धरून. रानडुक्कर पडला, म्हशीच्या पारडाएवढा. मला डुक्कर चालत न्हाई हे मी आधीच सांगितलेलं. म्हणून डुकराचं भांडं बंडूकडं आणि भाकरी-भात माझ्याकडं असं ठरलं. बंडू म्हणाला, तुझा वाटाबी मीच खातो, तुझं पाप माझ्या पोटात.

संध्याकाळी वाटे घातले. आमच्या गावातबी घालत्यात. मटणाचे सारखे ढीग करायचे. एकानं पाठ करून बसायचं. दुसऱ्यानं ढिगावर हात ठेवून विचारायचं, ह्यो वाटा कुणाचा? पाठमोरा ज्याचं नाव घेईल त्याचा तो. मग चांगला तुकडा कुणाला गेला म्हणून भांडण न्हाई. इथं पाठमोरा परगावचा लागतो आणि ते मटण न खाणारा. बायडाबाईनं मलाच बसवलं.

इथली एक तऱ्हा निराळी. तोंडं तेवढे ढीग, पण त्यातला एक आधी बेटाचा, तो तिची माणसं खात्यात. मी खाणार न्हाई, माझा वाटा बेटाला गेला, सगळं जमलं. वकिलांनी विचारलं, सगळेच खाणारे असते तर? बायडाबाई म्हणाली, मग एकाला वाटा न्हाई, आणि ज्याला वाटा न्हाई त्यो माणसात न्हाई. कालिंदीबाईंनी ते लगेच लिहून घेतलं, किती जुनी पद्धत असेल म्हणाल्या. बाईंनीसुद्धा डुक्कर खाल्लं. रस्सा संपला तरी ताट पुसत बसल्या होत्या.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आज परत डुक्कर. मंडळी कालपासून दुसरं काही बोलतच न्हाईत. नृसिंहानं दुर्बीण पिशवीतनं काढली न्हाई. बाईंना ओव्या सांगायला एक म्हातारी येऊन बसली, बाई तिला म्हणाल्या, नंतर, आधी हाका होऊ दे. मी पिठलं केलं, कुणी शिवलं न्हाई.

वाट्याला बसलो तवा बायडाबाई म्हणाली, काल न खाल्लेलं तोंड आज मोजायचं न्हाई. म्हणजे ढीग चारच, एक बेटाचा, उरले तीन. मी सहज आधी बंडूचं नाव घेतलं, मग वकिलांचं, मग बाईंचं. नृसिंह राहिला. सगळी हसली. नृसिंह म्हणाला, मीरासाब, उद्या तुझ्या चहात मीठ टाकतो बघ. माझ्याबरोबर पिठलं-भाकरी खाल्ली. पोट भरल्यावर दुर्बीण काढून पुसत बसला. म्हणाला, दोन दिवस मी एकबी पाखरू बघितलं न्हाई रे, मला झालंतं काय?

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सरळ लिहितो.

सकाळी नृसिंह पाखरं बघायला खिंडीकडं गेलता. मागनं हाका सुरू झाला. गोळीचा आवाज आला. मला ओझ्याला बोलावलं म्हणून गेलो. वकील म्हणाले, काय जनावर पडलंय बघ. बघितलं. नृसिंह पडलेला. गळ्यात दुर्बीण. पोटाला हात लावून उताणा, आणि अजून जिता. माझ्याकडं बघून ओठ हलवत होता.

मी ओरडलो. ती सगळी हसली. बंडू म्हणाला, मेलेल्या डुकराला भ्यालास व्हय रं! आणि विळा घेऊन बसला त्याच्या छातीवर. मी बंडूचा हात धरला तर कोपरानं माझा दात पाडला. त्यांनी त्याला बांबूला उलटा टांगून आणला. सोलला. मी पाण्याकडं पळालो.

विचारलं, नृसिंह कुठाय? वकील म्हणाले, गेला असेल पाखरांमागं. बाई म्हणाल्या, येईल जेवायला. खोटं न्हाईत बोलत. डोळं स्वच्छ. त्यांना डुक्करच दिसतंय. ते मटण मी खाल्लेलं न्हाई म्हणून मला माणूस दिसतंय, एवढंच.

संध्याकाळी म्हटलं, मी बसत न्हाई. बायडाबाईनं शांतपणे सांगितलं, नको बसू, मग कुणालाच वाटा न्हाई, उद्या सगळ्यांवर हाका. तिची माणसं कुऱ्हाडी मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, नाव घेतोस तवर तुला बेट शिवायचं न्हाई.

तीन ढीग. एक बेटाचा. दोनच नावं. बंडूचं घेतलं. माईला शब्द दिलाय. दुसरं बाईंचं. वकिलांकडं बंदूक हाय, त्यांचं ते बघून घेतील असा विचार केला. वकिलांना भाकरी दिली.

मी पट्टीचा पोहणारा. महापुरात कृष्णा पार केलीय. एकटा आत्ता जाईन. बंडू?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

वकील पहाटे शुद्धीवर आले. माझ्याजवळ येऊन बसले आणि माझे पाय धरले. एवढा मोठा माणूस. म्हणत होते, मी काय मारलं रे, मीरासाब, मी काय मारलं? म्हटलं पळा. डब्यांचा आवाज सुरू झालाच होता.

दोन बार काढले त्यांनी. दोन्ही झाडात गेले. परत भरायला उसंत मिळाली न्हाई. बाई दगड मारत होत्या. त्याच बाई. पदर खोचून, हसत, पोरी चिंचा पाडत्यात तशा. गुडघा फुटला, वकील रांगायला लागले. रांगताना तर — खरंच तसंच दिसत होतं.

बंडूनं कुऱ्हाड घातली. मानेत बसली न्हाई, खांद्यात बसली. परत घातली. परत. वकील माझं नाव घेऊन ओरडत होते. काल त्यांचं नाव मी घेतलं न्हाई.

बंदूक आणि एक काडतूस गवतात सापडलं. लपवलं.

दुपारी बंडूला ओढत पाण्यापर्यंत नेला. म्हटलं, माझ्या पाठीवर बस, डोळं मिट, मी नेतो. माझ्याकडं बघून म्हणाला, सोडा की पावणं, उद्या शिकार हाय.

पावणं म्हणाला. मला.

दोन ढीग. एक बेटाचा. एक नाव. बाईंनी वही दिली मला. बाईंनी —

बंडूचं घेतलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

पहाटे बाई शुद्धीवर आल्या. पोहत न्यायचं म्हणून त्यांना पाण्यात घातलं होतं कमरेपर्यंत. म्हटलं, माझा खांदा धरा. धरला. माझ्या मुलींना सांग म्हणाल्या. काय सांग ते राहिलं. बंडू आला. ज्याला पाण्याचं भ्या तो पाण्यात आला. केसाला धरून मागं ओढलं. खडकावर — डोकं — लई वेळ.

मी बंदूक धरली त्याच्यावर. माईचं पोरगं. चाप दाबवला न्हाई.

आता वाटे घालत्यात. ढीग एकच, आणि बायडाबाई म्हणाली, शेवटचा ढीग बेट घेत न्हाई, त्याला नाव पाहिजे. उद्या होडी येणार. फक्त आजची रात काढायची.

एक ठरवलंय. मी नाव घेऊन घेऊनच त्याला खायला घातलं, म्हणून तो असा झाला. आज त्याला वाटा न्हाई दिला तर सकाळी तो शुद्धीवर येईल. वकील आले, बाई आल्या. पण मग हाका त्याच्यावर. त्याच्याजवळ कुणीतरी पाहिजे ज्याला हे बेट अडवणार न्हाई. वाटा असलेला माणूस. म्हणजे मीच.

अल्ला माफ कर. खाल्लं तरी मी बंडूला ओळखणार. दुसरं कुणीबी चुकेल. मी त्याला चड्डीत असल्यापासून बघतोय. अंधारात नुसत्या खोकल्यावर ओळखतो.

बायडाबाई ओरडतीय, पाठ कर.

गेलतो. माझं नाव घेतलं. तिनं एकदासुद्धा विचारलं न्हाई का म्हणून. बंडू उठून गेला.

खाल्लं. बाईंच्या — न्हाई लिहीत. पहिला घास ओकलो. दुसरा राहिला. मग —

चव चांगली हाय.

रविवार

जांभळीवर चढून बसलोय. बंदूक मांडीवर. इथनं पाणी दिसतंय. लांब होडीबी दिसतीय, ठिपक्याएवढी. बरं वाटलं.

बंडू सकाळपास्नं दिसला न्हाई. हाका मारल्या. भित्रं हाय ते, पाण्याला बघून कुठंतरी दडून बसलं असणार. शुद्धीवर आला की येईल माझ्याकडंच. दुसऱ्या कुणाकडं जाणार?

खाली डबे वाजाय लागले. माणसं वर येत्यात. बंडू, लवकर ये की लेका.

एक डुक्कर फुटलंय झाडीतनं. पळत सरळ माझ्याच झाडाकडं आलं. मोठं न्हाई. बुंध्याला पाठ लावून उभं हाय, वर बघतंय. असं उभं राहिलेलं डुक्कर कधी बघितलं न्हाई. काडतूस एकच हाय, पण एवढ्या जवळनं चुकायचं न्हाई.

तोंडाला पाणी सुटलंय.

खोकलं आत्ता. डुक्कर. खोकल्याचा आवाज कुठंतरी —

मीरा म्हणतंय. डुकराला माझं नाव कसं ठाऊक? माई तेवढी मीरा म्हणती. माई आणि —

गप बस म्हणावं. नेम हलतोय.

बंडू असता तर त्यानं —