मुगाच्या ताटातला खडा

मंगळवार, दिवेलागण

आज सुनेबरोबर तन्वीला जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नात माझी पाच वर्षांची, इतकी गोड की पहूरचं बठ्ठं गाव, लहानथोर सगळे, तिला हाक मारतं. डावा डोळा नाकाकडं वळतो. मीच म्हणायची, भाग्याचा डोळा शे! कसलं भाग्य?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाव्या डोळ्याची नजर काहीच वाढली नाही. चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी ठेवता ना?"

सून म्हणाली, "मी लावून कामाला जाते. घरी आत्याबाई असतात."

मी खाली बघितलं. पट्टी लावून मूग निवडायला बसवा, असं बाईंनीच सांगितलेलं. पण पोरीला खडा दिसेना, रडायची. मग सून गेली की मी पट्टी काढायची. भराभर खडे वेचायची माझी वाघीण, आणि मी खूश!

तन्वीनं माझ्याकडं बघितलं अन् म्हणाली, "पट्टी मीच काढते."

सुनेनं तिच्या पाठीत धपाटा घातला. तरी माझं तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं?

बाई म्हणाल्या, "वय निघून गेलं की हा डोळा सुधारणं अवघड."

घरी आल्यावर पोर आपणहून पट्टी लावून ताटाशी बसली. "आजी, हा खडा ना?"

मूग होता. माझा हात पट्टीकडं गेला, तो मागं घेतला. "नाही गं माय, पुन्हा बघ."

रडत रडत शोधत राहिली. मग सुनेला हाक मारली आणि सांगितलं, पट्टी मी काढत होते.

सून तन्वीची पाठ चोळत बसली.