मास्तरांचे अर्धे शब्द

सोमवार, ३ मार्च

दूध करपलं. मास्तर खुर्चीतून "टर्न... टर्न..." करत होते. मी पंखा लावला. बंद केला. टीव्ही लावला. ते लालबुंद होऊन स्वयंपाकघराकडे बोट दाखवेपर्यंत पातेलं काळंठिक्कर! गॅस बंद कर म्हणायचं होतं. जन्मभर पोरांना 'टर्न ऑन, टर्न ऑफ' शिकवलं या माझ्या नवऱ्याने. मेंदूचा झटका आल्यापासून मराठी परतलीच नाही, आणि इंग्रजी आली ती अर्धी. ऑन, ऑफ, अप, डाउन ही शेपटं गायब.

संध्याकाळी मुलाने पातेलं पाहिलं. "आई, तुला एकटीला झेपत नाही. रविवारी बाबांना शुश्रूषा केंद्रात नेऊ या."

त्यांना विचार की, म्हटलं.

"सांगता कुठे येतंय त्यांना?"

बरं. सांगायला लावते.

मंगळवार, ४ मार्च

वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, जी भाषा येतेय तिलाच धरा. धरली. त्यांचा हात दिव्याच्या बटणावर ठेवते — ऑन. ऑफ. पडदा — अप. डाउन. लग्न झाल्यापासून चारचौघांत माझं इंग्रजी सुधारत आला हा माणूस. आता मी मास्तरीण! मजा यायला हवी होती. येत नाही.

गुरुवार, ६ मार्च

पालथ्या घड्यावर पाणी. रविवारचं उत्तर घोटून घेतेय — 'स्टे ऑन', म्हणजे इथेच राहतो. "स्टे..." म्हणतात आणि थांबतात. शेवटी मी ओरडले. ते भिंतीकडे बघत राहिले. लाज वाटली मला.

मग त्यांची शिकवणी आठवली. बाहेरच्या खोलीत पोरं बसलेली असायची आणि हे मध्येच उठून जाताना म्हणायचे, "कॅरी ऑन." मी नसलो तरी थांबायचं नाही, असा दंडक. तेच त्यांच्याकडून म्हणवून बघितलं. तेही अर्धंच — "कॅरी..."

शनिवार, ८ मार्च

बाथरूममधून त्यांना उठवताना कमरेत उसण भरली. ओठ चावून गप्प राहिले. मुलाला कळलं तर संपलंच. मास्तर आरशातून बघत होते.

दुपारी मी भिंतीला धरून उभी होते, तर दिव्याकडे बोट करून म्हणाले — "ऑफ." स्वच्छ! दिवा बंद केला आणि अंधारात रडून घेतलं. आता येऊ दे मुलाला.

रविवार, ९ मार्च

मुलाने विचारलं, "बाबा, इथे राहायचं की तिकडे?" माझा जीव टांगणीला. स्टे ऑन, स्टे ऑन — मनातल्या मनात माझं चाललेलं.

त्यांनी माझ्या कमरेवरच्या हाताकडे बघितलं. म्हणाले, "मूव्ह आउट." बोट स्वतःच्या छातीवर.

मग माझा हात धरला. "कॅरी ऑन."

दोन्ही शब्द पूर्ण होते.