बुर्कुत आत, हेल्परटू बाहेर

३ मार्च, सकाळी
अख्ख्या बिश्केकमध्ये माझ्याइतकी शिस्तीची प्रोग्रामर नसेल. आमच्या सर्च लायब्ररीची, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये जोडायच्या शोधाच्या कोडची, पाचवी आवृत्ती महिनाअखेर येतेय. ठराव: कोडच्या एकशे चाळीस तुकड्यांपैकी, म्हणजे क्लासपैकी, बाहेरच्या प्रोग्रामरना फक्त पाच दिसतील, बाकीचे आत. पाचांत माझा नवा बुर्कुत. पाच महिने खपून लिहिलाय. गरुडाचं नाव, नजरही तशीच.

५ मार्च
हेल्परटू आत घेणार. अकरा वर्षांपूर्वी एका टेस्टपुरता मीच पब्लिक, म्हणजे बाहेरच्यांना खुला, केला होता. तासाभरात परत आत घ्यायचा होता, राहिलं. नावही घाईतलं. बरोबर काम करणारी नुर्झात (मला एजे, म्हणजे ताई, म्हणते) म्हणाली, एजे, बाहेर कोणी वापरत असेल तर? म्हटलं, असल्या नावाचा क्लास कोण वापरणार. ती हसली. गुणी आहे, अनुभव कमी.

६ मार्च
घेतला आत. चाचणीची आवृत्ती सोडली. मन हलकं. तळलेले बोरसोक चार जास्त खाल्ले.

७ मार्च, दुपारी
नारीन शहरातल्या एका ऑनलाइन शब्दकोशातला शोध बंद पडला. हेल्परटू सापडत नाही म्हणे. अपवाद.

१० मार्च
अपवाद एकेचाळीस. ओशमधले कुबात गाड्यांचे सुटे भाग विकतात, त्यांचं अख्खं ऑनलाइन दुकान हेल्परटूवर उभं आहे. लोकांना शिस्तच नाही.
बुर्कुतबद्दल एकही पत्र नाही. म्हणजे निर्दोष चालतोय.

२१ मार्च
नूरुझ, नववर्षाचा सण. सुट्टी. कामाचा विचारही नाही. मेल फक्त सहादा पाहिली.

२४ मार्च
लायब्ररी सांभाळणाऱ्या आम्हा पाच जणांचं मतदान. हेल्परटू बाहेरच राहणार, आहे त्या नावानं. चार विरुद्ध मी. लगेच नुर्झातचा दुसरा प्रस्ताव: बुर्कुत कोणीच वापरत नाही, तो आत घ्यावा. फोन केला तिला.
"एजे, रागावू नका. ठराव तुमचाच ना, न लागणारं आत? आणि आत असला की हवा तेवढा बदला त्याला, कोणी ओरडणार नाही."
मी म्हटलं, रागावले कुठे. मग बराच वेळ भांडी घासली. स्वच्छ होती.

३१ मार्च
पाचवी आवृत्ती निघाली. बुर्कुतपुढचा 'पब्लिक' मीच खोडला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता.
संध्याकाळी कुबातांचं पत्र. दुकान पुन्हा सुरू झालं, हेल्परटू लिहिणाऱ्याला दीर्घायुष्य लाभो. शिवाय विचारतात, हेल्परवन कुठे मिळेल?
हेल्परवन कधी नव्हताच.
लिहायला घेतलाय.