सहा झाडं काळी, सहा हिरवी

गुरुवार, ३१ जानेवारी १९२९. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. तक्रारीच्या माथ्यावर तारीख आणि वेळ हवीच, नाहीतर ते नुसतं रडगाणं होतं — हे पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेसनं बोटांवर पट्टी मारून शिकवलं. पन्नास वर्षांत विसरले नाही.

तर, ह्याच मिनिटाला आमच्या प्लॉटधारक मंडळाचा पहारेकरी वना दोन बादल्या घेऊन माझ्या बागेत शिरला आणि पूर्वेकडच्या दोन्ही शेकोट्या विझवून मोकळा झाला! मला न विचारता!

शेकोट्या हौसेच्या नव्हत्या. दुपारी सुपडू आला होता. पांझरेकाठी त्याचा मळा आहे. नेहमीसारखा भाजी देऊन गेला नाही, आभाळाकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "अक्का, आज रातले हिव पडाव शे. वारा बंद शे, आभाय कोरं शे. बठ्ठं जळी जाई. धूर करा." धुळ्यात हिव, म्हणजे गोठलेलं दव! पण सुपडू उगाच बोलणारा माणूस नाही. मी ओला पालापाचोळा, गवत, शेण गोळा करून वांग्यांच्या चारी कोपऱ्यांना ढीग लावले आणि पेटवले.

कारण त्या बारा झाडांवर बियाण्याची वांगी आहेत. जळगावजवळच्या असोद्याचं वाण. मी जळगावला हेडमिस्ट्रेस असताना त्या गावच्या भागाबाईनं चिमूटभर बी पदराच्या गाठीत बांधून आणून दिलं होतं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, भरिताचं वांगं. वीस वर्षं दर साली त्याच बियाचं पुढचं बी धरत आले. आता फळं पिवळी व्हायला लागली आहेत. आजच करपली तर वाण संपलं.

वनाला विचारलं, कोणाचा हुकूम? "सेक्रेटरी साहेबाचा, बाई. नियम सतरा. अंधार पडल्यावर अंगणात धूर नही." सेक्रेटरी म्हणजे रिखबचंद, कापसाचा व्यापारी. घरी लग्न आहे, पाहुणे उतरलेत, त्यांच्या डोळ्यांना धूर लागला असेल. किंवा पश्चिमेच्या शेजारीण पुष्पाबाईंनी कळ लावली असेल. अकरा वर्षं त्या माझ्याशी बोलत नाहीत. कारण देवाला ठाऊक! मी शिकलेली, एकटी, कोणाच्या पुढे पुढे न करणारी — तेवढं पुरतं काही बायकांना.

पश्चिमेच्या शेकोट्यांपुढे मी छत्री घेऊन उभी राहिले. म्हटलं, आधी मला विझव. वना बिचारा रिकाम्या बादल्या घेऊन परतला. जाताना पुटपुटला, "मांगे बी मीच इझाडेल शे, बाई." मागे म्हणजे कधी? विचारलं नाही. आधी शेकोटीवर ओला पाला टाकला.

पूर्वेकडचा पाला चिंब झालाय, पेट घेत नाही. दोन शेकोट्या उरल्या आहेत. बघू.

शुक्रवार, १ फेब्रुवारी. सकाळी पावणेआठ.

पडलं! गवतावर कोणी मूठमूठ मीठ फेकून गेल्यासारखं. चिमण्यांच्या परळातल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. साठ वर्षांच्या आयुष्यात खानदेशात हे पहिल्यांदा पाहिलं.

पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासानं ओला पाला टाकत राहिले. खोकून खोकून छाती दुखते आहे. पण —

पूर्वेची सहा झाडं उकडलेल्या पालकासारखी लोळली आहेत. उन्हं लागली तशी माझ्या डोळ्यांदेखत काळी पडत गेली. पश्चिमेची सहा हिरवी! ताठ! मधे रेघ ओढल्यासारखी सीमा. पाण्याच्या पाटाच्या अलीकडे जिवंत, पलीकडे मेलेलं. ह्याहून चोख पुरावा कोर्टातसुद्धा मिळत नाही. मंडळानं स्वतःच्या बादल्यांनी तो मला तयार करून दिला!

केळी सगळीकडच्या गेल्या. पानं जळक्या कागदासारखी लोंबताहेत. फक्त पश्चिमेच्या भिंतीपलीकडच्या, पुष्पाबाईंच्या चार केळी तेवढ्या हिरव्या. माझा धूर रात्रभर तिकडे जाऊन बसला होता.

पुष्पाबाई भिंतीवरून डोकावल्या. अकरा वर्षांत पहिलं वाक्य : "धूर सोसला हो आम्ही, मास्तरीणबाई. तक्रार नाही केली."

मी म्हटलं, "उपकार झाले." अजून सुचायला हवं होतं. नेहमी नंतर सुचतं.

शनिवार, २ फेब्रुवारी.

काल रात्री चारही कोपऱ्यांना धूर केला. कोणी आलं नाही. येऊन तर बघा म्हणावं!

रविवार, ३ फेब्रुवारी.

रिखबचंद आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी, चेहरा लग्नघरचा. मी त्यांना सरळ वांग्यांत नेलं आणि पाटावर उभं केलं. डावा पाय मेलेल्यात, उजवा जिवंतात.

"आता सांगा, शेठजी. नियम कोणत्या पायाखाली आहे?"

"बाईसाहेब, नियम तो नियम. आज तुम्हाला सोडलं तर उद्या जो तो अंगणात जाळ करील."

"करू देत ना! गुरुवारी ज्यानं केला असता त्याच्या केळी आज उभ्या असत्या. तुमच्या कुठे आहेत?"

त्यांच्या बागेत तर तुळससुद्धा गेली आहे. मग खाकरून म्हणाले, "ते राहू द्या. एक अर्ज होता. पाहुण्यांना भरीत द्यायचं कबूल केलंय. बाजारात एक वांगं नाही. जळगावपासून शिरपूरपर्यंत नाही. तुमच्याकडे ही दिसतात..."

काय हा क्षण! असा क्षण जगण्यात फार थोड्या वेळा येतो. मी छत्री मिटली, आणि शांतपणे म्हटलं, "पिवळी बियाण्याची आहेत. हिरवी चार आहेत, ती मी कोणासाठी ठेवायची ते ठरवीन. पाहुण्यांना नियम सतरा वाढा."

ते गेल्यावर स्वतःसाठी दुधाचा चहा केला. दोन कप प्याले.

मंगळवार, ५ फेब्रुवारी.

मंडळाला पत्र दिलं. वनाच्या हाती, पोचपावती घेऊन. मागण्या अशा : लेखी माफी. नियम सतरा रद्द. आणि हा अडाणी नियम कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला, त्या गृहस्थाचं नाव मूळ कागदासह मला कळवावं. सोमवार, ता. ११, दुपारी बाराच्या आत.

नाव मला हवंच आहे. त्या गृहस्थाला काळ्या झाडांसमोर उभं करून सगळ्या प्लॉटधारकांदेखत विचारणार आहे — धूर डोळ्यात जातो म्हणून पोटावर पाय द्यायचा?

नियमावलीचं इंग्रजी अकरा वर्षांपूर्वी मीच एका संध्याकाळी तपासून दिलं होतं. एकेचाळीस नियम! तेव्हा ह्यांच्यात एकालाही धड वाक्य लिहिता येत नव्हतं. इंग्रजीपेक्षा अक्कल तपासायला हवी होती.

गुरुवार, ७ फेब्रुवारी.

असोद्याहून भागाबाईचं कार्ड. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं : "बाई, हिवानं बठ्ठं गेलं. हरभरा गेला, तूर गेली, वांगीचं तर झाड उभं नाही. बियाला फळ म्हणून राहिलं नाही. गावात कोणाकडेच नाही. तुमच्याकडे ते वाण अजून शे का?"

शे, भागाबाई. शे!

वीस वर्षांपूर्वी त्या गावानं मला चिमूटभर दिलं होतं. आज त्या गावचं उरलेलं तेवढं माझ्या सहा झाडांवर आहे.

शनिवार, ९ फेब्रुवारी.

दोन फळं पूर्ण पिवळी. चिरली, बी धुतलं, राख लावून सावलीत पसरलं. सुपडू मोजायला बसला आणि शंभराच्या पुढे गेल्यावर नाद सोडला. "अक्का, हाई तं आखं गाव पुरी," म्हणाला. एवढं हसला की मलाही हसू आवरेना. सोमवारी त्याचा भाचा जळगावच्या गाडीनं निघतोय, त्याच्याबरोबर पुडी असोद्याला जाईल.

हिवानं खानदेश जिंकला. माझी सहा झाडं सोडून!

सोमवार, ११ फेब्रुवारी. अकरा वाजून चाळीस मिनिटे.

बी गाडीत बसलं. मंडळाचं पाकीटही आलं — वीस मिनिटं राखून! जेवून मग उघडते. विजयाची घाई नको.

सोमवार, सायंकाळी चार.

पाकिटात माफी नाही. एकच जुना कागद. माझं अक्षर. माझी जांभळी शाई. माथ्यावर तारीख आणि वेळही आहे, सिस्टर आग्नेस खूश होईल अशी : १२ जानेवारी १९१८, सायंकाळी साडेसहा. "शेजारी पुष्पाबाई अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून भरिताची वांगी भाजतात. धुरानं मला वह्या तपासणं अशक्य होतं. मंडळानं तातडीनं नियम करावा." खाली कोणाचा तरी शेरा : "मंजूर. पुष्पाबाईंचे पाहुणे पानावर बसले असता वनानं जाळ विझवला."

रिखबचंदांनी स्वतः एक शब्द लिहिलेला नाही. शहाणा माणूस.

अकरा वर्षं. आणि मी कारण देवाला विचारत होते.

भिंतीपलीकडे पुढचं पत्र पाठवलं आहे. नक्कल इथे :

"पुष्पाबाईंस — नियम सतराचा तो अडाणी गृहस्थ सापडला. मीच. तुमचं भरीत मी मोडलं, आणि तुम्ही माझा धूर सोसलात. चार हिरवी वांगी तुमच्यासाठी राखली आहेत. गुरुवारी अंधार पडल्यावर माझ्या अंगणात, पऱ्हाट्यांच्या जाळावर. वांगी तुम्ही भाजायची, मला येत नाहीत. ठेचायला तुमची लाकडी बडगी आणावी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मी करते. वनाला बोलावलं आहे. बादली नको, ताट घेऊन ये म्हटलंय. येता की नाही ते लेखी कळवावं, बुधवारी सूर्यास्ताच्या आत. त्यानंतर आलेलं उत्तर 'हो' असेल तरच स्वीकारीन. — प्रमिलाबाई."