आठव्या मजल्यावरचे उलटे घर

मी, खाली सही करणार, निवृत्त गवंडी मुकादम, वय वर्षे एकाहत्तर, राहणार बावीस मजली इमारतीच्या आठव्या मजल्यावर, हा कागद पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. बायको शेजारी बसली आहे, पण ती मटार सोलते आहे. मंगळवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर दोनदा म्हणाले, म्हणून मृत्युपत्र करायला घेतले.

१. राहते घर माझ्यामागे बायकोचे आणि तिच्यामागे मुलीचे. मुलगी लिफ्टची मेकॅनिक आहे. बिघाड दिसला की तिचे हात शिवशिवतात. "बाबा, दोन भिंती पाडू, घर सरळ करू," असे ती दर सुट्टीला म्हणते. तर अट अशी, की तिची आई आहे तोवर हातोडा लावायचा नाही. सांडपाण्याचा पाइप बैठकीच्या मधून जातो हे खरे, पण पाहुण्यांना तो शोभेचा खांब वाटतो.

२. बँकेतली शिल्लक बायकोची. तिने आधी दात बसवून घ्यावेत.

३. थापी, ओळंबा आणि पाणसळ मुलीला. भिंत वाकडी असली तर ओळंबा कधी खोटे बोलत नाही. तो धरणारा बोलतो, ते पाचव्या कलमात येईल.

४. नवव्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना माझी जुनी छत्री. त्यांच्या कुंड्यांचे पाणी मी अकरा वर्षे डोक्यावर घेतले. आता त्यांच्याही वर कुंड्यांची हौस असलेले कुटुंब राहायला आले आहे, असे ऐकतो.

५. ही इमारत उठत होती तेव्हा आठव्या मजल्यापासून खोल्यांची रचना बदलली आणि पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर नवा नकाशा आला. तो मी मागच्या बाजूने वाचला. अक्षरे ओळखू येईनात, तेव्हा मला वाटले, साहेबांची भाषा असेल. जमिनीवर चुन्याची आखणी मी केली. तिच्यावर सुताराने दारांच्या चौकटी उभ्या करायच्या आणि चौकटींना धरून आम्ही भिंती उचलायच्या, अशी कामाची रीत. सुतार म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ.

इंजिनिअर आले आणि स्वयंपाकघराच्या जागी न्हाणीघर बघून कपाळाला हात लावून उभे राहिले. "हे कोणी केलं?" मी म्हणालो, "चौकटी आधीच लागल्या होत्या, साहेब. मी आपली भिंत उचलली." आखणी तोवर पायांखाली पुसली गेली होती. उरलेल्या चौदा मजल्यांचे काम मेहुण्याच्या हातून गेले. त्याने पेटी उचलली आणि जिना उतरला.

हे घर मग कोणी घेईना. शेवटी मालक मला म्हणाले, "तूच बांधलंस, तूच राहा." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चोराला घर.

तेव्हापासून तेवीस वर्षे मेहुणा या घराची पायरी चढलेला नाही. बायको माहेरी एकटी जाते, एकटी येते. "भाऊ कसा आहे?" विचारले की "बराय" म्हणते आणि कामाला लागते. मला त्याची लाज वाटते. चूक माझी होती, फक्त माझी, असे मी येथे लिहून देतो. माझ्या डोळ्यांदेखत त्याने हे वाचावे, एवढीच इच्छा आहे.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मेहुण्याला काही देत नाही, साक्षीदार करतो. सही करण्याआधी त्याने सगळा कागद वाचावा. त्याला आज चार वाजता बोलावले आहे.

"येईल का गं तो?" मी बायकोला विचारले.

"लिफ्ट बंद आहे आज. सहीसाठी आठ मजले कोण चढतं?" ती म्हणाली. पण मटार तिने तिघांना पुरतील एवढे सोललेत. मेहुण्याने कागद फाडण्याचीही शक्यता आहे, म्हणून दोन प्रती केल्या आहेत.

ठिकाण : आठवा मजला, घर क्रमांक एक
तारीख : १९ नोव्हेंबर, शनिवार

लिहून देणार : (सही) मुकादम

साक्षीदार :
१. (सही) वकीलबाई
२. (सही) सुतार. सगळे वाचले. लिहून देणारे आमचे भाऊजी पूर्ण शुद्धीवर आहेत. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच.