दंडारीतल्या म्हातारीची चाल

नागपूर

सौ. पार्बता हिले देवाजीचा नमस्कार. नवऱ्यानं बायकोले नमस्कार लिहिला म्हणून हसू नको.

मी बरा आहे. मॅडम डॉक्टरनं माह्या कमरेच्या हाडातून मगज काढला आन त्यातल्या मूळपेशी सुईनं गुडघ्यात टाकल्या. झीज भरून येते का, ते अजून तपासूनच राह्यले, खात्री देत नाई. पण सूज उतरली. धानाची रोवणी आटोपली काय? चिखलात फार वाकू नको.

फोनवरच बोललो असतो, पण तू स्पीकर लावते आन सून ऐकते.

सुईच्या आधी मॅडम म्हणाली, "बाबा, चालून दाखवा." मी चाललो. तिनं मोबाईलमध्ये उतरवून मले दाखवलं. पार्बता, ती दंडारीतली म्हातारी होती! मांडीवर हात, बदकावानी डुलणं. दंडारीच्या खेळात साडी नेसून, म्हातारीचं सोंग घेऊन, त्याच चालीवर मी दर दिवाळीले सारा गाव हसवला. ती चाल तुह्या दुखत्या गुडघ्यांवरून उचलली होती. तुले ठाऊक होतं, तरी पुढं बसून हसायची.

मॅडमनं विचारलं, "घरी आणखी कोणाचे गुडघे दुखतात काय?" मी नाई म्हटलं. मान वर करवत नव्हती.

आज जाऊन खरं सांगितलं. तिनं तुलेही तपासायले बोलावलं आहे. आपल्या पोरासोबत, रोशनसोबत, बसनं ये, मी स्टँडवर उभा राहीन.

तवा तू खरंच हसत होती काय, तेवढं मले समोर बसून सांग.

तुहा,
देवाजी