यल्ला खिम्याचं मीठ

७८६
दुबई सिलिकॉन ओएसिस,
६ जानेवारी २०२६

आदरणीय नूरजहाँ खाला यांस,
हमीदचा सलाम वि. वि.

मायना तपासून घ्या. शाळेत शिकवताना तुम्ही मायन्याशिवायचं पत्र वाचायच्याच नाहीत, हे मी विसरलेलो नाही. फोनवर आपण दोघं बोलायला बसलो की दुसऱ्या वाक्याला रडतो आणि कामाचं राहून जातं. म्हणून तुमच्या सांगण्याप्रमाणे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

दाभोळहून आम्ही सुखरूप पोहोचलो. लायबाची शाळा सुरू झाली. घरात शिरल्यावर ती आधी स्वयंपाकघरात गेली, मग बेडरूममध्ये, मग बाथरूमचं दार उघडून बघितलं. सात वर्षांच्या मुलीला मी काय समजावणार? किल्ली फिरवताना मलाही वाटलंच होतं की आतून मरियम विचारेल, आज इतका उशीर का.

मरियम गेल्यानंतर तिच्या चाळिसाव्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर जे म्हणालात ते लक्षात आहे. पोर वाळून काडी झाली आहे आणि बापाला धड चहा करता येत नाही. रमजान ईदपर्यंत ती घरचं जेवायला लागली तर इकडे राहील, नाहीतर ईदनंतर दाभोळला, नानीपाशी. मी हो म्हणालो. तेव्हा राग आला होता, पण तुमचं काही खोटं नव्हतं. ती सध्या इकडची खबूस रोटी आणि चीज खाते, बाकी ताट सरकवून देते. पण खाला, तीही गेली तर संध्याकाळी या घरात मी कुणासाठी परत यायचं?

म्हणून एक विनंती. मरियम ऑफिसातून आली की पर्स खांद्यावर असतानाच फ्रिजमधून खिमा काढायची आणि त्यात भाज्या परतून अर्ध्या तासात वाढायची. करताना आम्हा दोघांच्या मागे तिचं सारखं यल्ला, यल्ला, म्हणजे चला, आटपा, असं चालू असायचं, म्हणून आम्ही त्याला यल्ला खिमा म्हणायचो. लायबाला तोच हवा आहे. रास अल खोरच्या भाजी बाजारात रोज ट्रकभर सिमला मिरची माझ्या सहीने उतरते, आणि ती कढईत कधी घालायची हे मला माहीत नाही. जमेल तशी कृती लिहून पाठवा.

लेकीमुळे जो लोभ मिळाला, तो लेकीमागेही राहू द्या.

तुमचा,
हमीद


७८६
दाभोळ,
१५ जानेवारी २०२६

चि. हमीद यास,
नूरजहाँ खालाच्या अनेक दुआ.

मायना बरोबर आहे. अक्षर मात्र अजून कोंबडी शाईत नाचल्यासारखंच काढतोस.

आधी खरं ते सांगते. मला लायबा इथे हवी आहे. मरियमची खोली मी झाडून ठेवली आहे, गावच्या शाळेत शब्दही टाकून ठेवला आहे. तू हरलास तर बरं, असं माझं एक मन म्हणतं. पण तू माझ्या बहिणीचा मुलगा आधी आणि जावई नंतर. तू विचारावंस आणि मी कृतीत काही लपवावं, असं माझ्या हातून व्हायचं नाही.

हा पदार्थ आपल्याकडचा नव्हे. आपला खिमा म्हणजे वाटण, बटाटे आणि तासभर मंद आच. हे तिने तिकडच्या धावपळीत बसवलं आणि मला फोनवर हसत सांगितलं. मोठ्याचा खिमा घे, बकऱ्याचा नको, आणि चरबी बेताची असलेला. धुऊ नकोस, पाणी धरतो. कढई आधी चांगली तापू दे, मग थोडं तेल आणि त्यात ठेचलेलं आलं-लसूण. खिमा पसरून टाक आणि त्याला खालून लाल होऊ दे. तुझ्या आईसारखा सारखा चमचा फिरवत बसू नकोस. लाल झाला की बाजूला काढ. त्याच कढईत आधी गाजर आणि फरसबी, त्या थोड्या नरमल्या की कोबी आणि सिमला मिरची. भाज्या बारीक आणि लांब चिर. आच मोठीच ठेव. खिमा परत घाल, चमचाभर सोया सॉस, मिरपूड, आणि मीठ सगळ्यात शेवटी. आधी घातलंस तर खिमा आणि भाज्या दोन्ही पाणी सोडतील, आणि परतायला गेलेलं उकडून बसेल.

लायबाला माझ्याकडून जवळ घे. तिला सांग, नानीच्या अंगणात मांजरीला पिल्लं झाली आहेत. हे मी तिला ओढून घ्यायला सांगते आहे असं वाटलं तर वाटू दे.

खुदा तुझ्या हाताला चव देवो.

तुझी,
नूरजहाँ खाला


७८६
दुबई,
८ फेब्रुवारी २०२६

आदरणीय खाला यांस,
सलाम वि. वि.

पहिल्या वेळी मी खिमा धुतला. तुम्ही नको लिहिलं होतंत तरी धुतला, मनाला पटेना. कढईत त्याचं तळं झालं. दुसऱ्या वेळी सगळ्या भाज्या एकदम ओतल्या, तर गाजर कच्चं आणि कोबीचा लगदा. मी कढईला नावं ठेवली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या उर्मिला वहिनी म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. त्यांच्याकडे मोठ्याचं खात नाहीत, त्यामुळे खिमा कढईत पडायची वेळ झाली की त्या निघतात. पण भाज्या चिरायला त्यांनीच शिकवलं. माझ्या गाजराचे तुकडे बघून त्यांनी विचारलं होतं की हे घोड्याला घालणार आहात का.

आता जमतो. घरी आल्यापासून अर्ध्या तासात ताटात येतो, फरसबी हिरवी राहते, मीठ बेताचं, शेवटी. आणि खाला, तो अगदी पूर्वीच्या मरियमच्या हातचा लागतो.

पण लायबा दोन घास खाऊन थांबते. म्हणते, पप्पा, धिस इज नॉट इट. काय चुकलं विचारलं तर खांदे उडवते. परवा तिच्या टीचरने बोलावून घेतलं, वजन कमी झालंय म्हणाली. मी कितीही तसाच केला तरी तिच्या जिभेला तो तसा लागत नाही, आणि तिला काय हवंय ते मला कळत नाही. रमजान तोंडावर आला. मी हार मानलेली नाही, पण काल ईदनंतरच्या विमानांच्या वेळा बघून ठेवल्या.

तुम्ही जिंकलात तरी माझ्यावर माया करा.

हमीद


७८६
दाभोळ,
२० फेब्रुवारी २०२६

चि. हमीद यास,
रमजानच्या खूप खूप दुआ.

तुझ्या पत्रातली विमानाची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

काल दुपारची असरची नमाज झाल्यावर कालवण ढवळता ढवळता माझ्या तोंडून सवयीने हाक गेली, मरियम, मीठ बघ. घरात कुणी नव्हतं. मग मी तिथेच पाटावर बसले.

रोजा असताना जिभेला लावून थुंकलं तर चालतं, असं जाणते सांगतात, पण माझं मन कधी धजलं नाही. त्यामुळे मरियम स्वतः रोजे धरायला लागेपर्यंत आमच्या घरची मीठ बघणारी तीच होती. तिच्या तळहातावर मी थोडं कालवण टेकवायची, ती फुंकर घालून चाटायची आणि काझीसारखा निवाडा द्यायची. तुमच्या घरी हे काम तुझ्याकडे होतं. तुझी आई सांगायची, तू दर वेळी नीट कळलं नाही म्हणायचास, म्हणजे पुन्हा मिळावं. मरियमने लायबालाही तशीच तयार केली होती. दर रमजानात फोनवर मला सांगायची, तुझी नात फार कडक आहे, एकदा तरी पास करेल तर शपथ.

हमीद, तू सगळं शिकलास, पण पोरीला विचारायचं राहिलं. तिला टेबलाशी बसवून पाहुण्यासारखं ताट पुढे करतोस. तिला कढईपाशी बोलाव. हात पुढे करायला सांग.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. हे पत्र पाठवलं नाही तर ईदनंतर ती माझ्याकडे येईल, हे मला दिसतंय. मगरिबची नमाज पढून आले आणि आता फोटो काढते आहे.

माझी दुआ तुझ्या बाजूने आहे, मन नसलं तरी.

तुझी,
नूरजहाँ खाला


७८६
दुबई,
२७ फेब्रुवारी २०२६

आदरणीय खाला यांस,
सलाम वि. वि.

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

रमजानमुळे लवकर घरी आलो. इफ्तारच्या आधी खिमा परतला, मीठ घातलं आणि लायबाला हाक मारली की पप्पाचा रोजा आहे, मीठ बघ. ती दारात येऊन उभी राहिली. मग बाल्कनीत गेली आणि तिथलं छोटं स्टूल ओढत आणून कढईपाशी लावलं. ते स्टूल घरात कशाला आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. चढली, तळहात पुढे केला, फुंकर घातली, चाटलं, आणि मराठीत म्हणाली, मीठ कमी. घरात इंग्रजीशिवाय न बोलणारी माझी मुलगी! मला वाटलं, जिंकलो.

चिमूटभर घातलं. अजून, म्हणाली. घातलं. अजून. मी म्हटलं, बेटा, पुरे, तर तिने माझ्या हातातून बरणी घेतली आणि चमचा भरून स्वतः घातलं. मग पुन्हा चाटून म्हणाली, खलास, आता बरोबर.

अजान झाली, खजूर खाल्ला, ताटं घेतली. तो खिमा माझ्या घशाखाली उतरेना, खाडीचं पाणी तोंडात गेल्यासारखा. लायबाने ताट पुसून खाल्लं. मध्ये मध्ये पाणी प्यायची, डोळे पुसायची आणि पुन्हा घास घ्यायची. मी विचारलं, एवढं खारट का खातेस. तेव्हा थोडं इंग्रजीत, थोडं मराठीत तिने सांगितलं की मम्माला लागायचं नाही. केमोने मम्माच्या जिभेची चव गेली होती, म्हणून रमजान नसतानाही ती लायबाला स्टूलवर उभी करून मीठ बघायला सांगायची. लायबा खरं तेच सांगायची, पण मग मम्मा दोन घास खाऊन ताट बाजूला ठेवायची. एक दिवस लायबाने मुद्दाम जास्त मीठ घालायला लावलं. त्या दिवशी मम्मा म्हणाली, आज थोडं लागतंय, आणि जेवली. तेव्हापासून लायबा रोज थोडं थोडं वाढवत गेली, मम्माने जेवावं म्हणून. आणि मम्मा एकटी पडू नये म्हणून तिच्याबरोबर तेच खात गेली.

माझ्यासाठी झाकून ठेवलेला खिमा त्या दिवसांत खारट असायचा. आजारपणात हात चुकतो, असं मी समजायचो. मरियमला वाईट वाटू नये म्हणून दह्यात कालवून गुपचूप खायचो. एका घरात आम्ही तिघं एकमेकांसाठी तो खिमा खात होतो आणि कुणी कुणाला बोललो नाही.

खाला, ती आता जेवते. पण हे जेवण मी तिला रोज कसं घालू? आणि मीठ कमी करू तर कुठल्या तोंडाने? तिच्या हिशेबी ती अजून मम्मालाच भरवते आहे. मला काही सुचत नाही. ईदनंतर तुम्ही म्हणाल तसं करतो.

हमीद


७८६
दाभोळ,
४ मार्च २०२६

चि. हमीद यास,
आणि माझ्या लायबाला, नूरजहाँच्या खूप खूप दुआ.

लायबा तिकडेच राहील. माझ्या मुलीला ज्या पोरीने शेवटपर्यंत जेवायला घातलं, तिला त्या कढईपासून मी तोडणार नाही. शाळेत दिलेला शब्द परत घेतला. मरियमच्या खोलीला कडी लावली, उघडी बघवत नाही.

तुझं पत्र वाचून काल मीही यल्ला खिमा केला. इथे मोठ्याचं म्हणजे म्हशीचं, तेवढाच फरक. भाज्या चिरल्या, आच मोठी ठेवली, आणि तू लिहिलंस तसं शेवटी मीठ घातलं, चिमटीचिमटीने आणि वर भरून चमचा. पहिला घास तोंडात ठरला नाही. दुसरा मी गिळला. हमीद, एवढं मीठ, आणि माझ्या लेकीला ते थोडं लागायचं.

ती मला फोनवर रोज सांगायची, अम्मी, मी बरी आहे, आज खिमा छान झाला होता, पोटभर जेवले. मी आळीत सांगत फिरायची की लेक जेवायला लागली, आता उठेल. तिचं दुखणं किती पुढे गेलं होतं ते मला डॉक्टरने सांगितलं नाही, तू सांगितलं नाहीस, तिने तर नाहीच. काल त्या घासाने सांगितलं. ताट पुढ्यात ठेवून मी मोठमोठ्याने रडले, शेजारी धावत आले.

आता पोरीचं. तिला रागावू नकोस, आणि चोरून मीठ कमी करायला जाऊ नकोस. तिला कळेल, ती मरियमने तयार केलेली आहे. ईदला चार दिवस तिला घेऊन ये. ठेवून घेणार नाही. माझ्याकडेही मीठ बघायला कुणी नाही, तेवढं करून परत जाईल.

आणि आज संध्याकाळी तिला स्टूलवर उभी कर, हात पुढे करू दे. अजून म्हणाली की तिचा हात हातात घे आणि नानीने सांगितलंय म्हणून सांग, बेटा, आता पुरे. मम्मा जिथे आहे तिथे तिची जीभ बरी झाली आहे. बेताच्या मिठाचंही तिला आता लागतं.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, तो तसाच राहील.

तुझी,
नूरजहाँ खाला